व्याह्यांचा उजवा हात

२०२३ साल होतं, मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि माझे व्याही गोविंद मेस्त्री अकरा वर्षांत माझ्या घरी पाण्याचा एक थेंब प्याले नव्हते.

आमच्यात जुनी रीत आहे. लेकीला पोर होत नाही तोवर बापाने तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. हल्ली ती कोणी पाळत नाही. हल्लीचे बाप लग्नाच्या आठव्या दिवशी जावयाच्या सोफ्यावर मांडी घालून कोंबडीची तंगडी मोडतात. मेस्त्रींनी मात्र धरलं ते धरलं. त्यांची वैशाली आमच्या महेशला दिली, अकरा वर्षं गेली, पाळणा काही हलला नाही, आणि मेस्त्री दर आयतवारी भिवंडीहून अंजूरला लेकीला बघायला येत ते काखेत पाण्याची बाटली मारून. ओट्यावर बसायचे आणि बाटली शेजारी उभी करायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

मी अंजूरचा. खाडीकडेला आमची शेती होती, आता तिथे गोदामं आहेत. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, चौथीने मला पुढे सोडलं नाही. पण माझ्या दारात आलेला माणूस चहा न पिता परत गेला असं माझ्या बापाच्या वेळेपासून झालेलं नाही. मीटर बघायला येणारासुद्धा पिऊन जातो. आणि माझा व्याही बाटली घेऊन येतो. सांगा, माणसाने काय समजायचं?

मी काय कमी डाव टाकले? एका उन्हाळ्यात शहाळं फोडून पुढे केलं. म्हटलं, हे पाणी नाही, फळ आहे. मेस्त्री घाम टिपत शहाळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "व्याही, झाड कोणाच्या विहिरीचं पाणी पितं?"

"माझ्या."

"मंग?"

गणपतीचा मोदक त्यांना नाही म्हणता येईना, देवाचा प्रसाद पडला. तो त्यांनी कपाळाला लावला, रुमालात बांधला, खिशात घातला आणि निघाले. मी मागून चालत गेलो, बघू तरी काय करतो हा माणूस. गावाच्या कमानीपाशी आले. एक पाय कमानीच्या अलीकडे, एक पलीकडे, असे थांबले. मागचा पाय उचलून पलीकडे घेतला, मागे वळून तो खरंच पलीकडे आला की नाही ते तपासलं, आणि मग मोदक खाल्ला.

मेस्त्री ही त्यांची पदवी. भिवंडीत चाळीस वर्षं त्यांनी कापड विणायचे लूम दुरुस्त केले. एका शेडमध्ये पन्नास लूम एकदम खटखटायला लागले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. त्यामुळे लूमवरच्या माणसाला दोन सवयी लागतात. एक, तो हाताच्या खुणांनी बोलतो. दोन, तोंडाने बोलला की ओरडतो. मेस्त्री ओट्यावरून लेकीला विचारायचे, "बाय, कशी हायस?" आणि वैशाली स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत समोरच्या आळीतून उत्तर यायचं, "बरी हाय, मेस्त्री."

लूममधला बिघाड ते कानाने ओळखायचे. तीच सवय बाहेर. आमच्या फ्रिजला कान लावला आणि निकाल दिला, "तेल कमी हाय." फ्रिजला कुठलं तेल? रिक्षात बसले की तेल कमी हाय. सरपंचाचं भाषण ऐकलं, तेल कमी हाय. मला खोकला झाला तेव्हा माझ्या पाठीला कान लावून हेच. वैशालीची वांग्याची भाजी त्यांनी जन्मात चाखली नाही, नुसत्या फोडणीच्या आवाजावरून ओट्यावर बसून ओरडले, "बाय, तेल कमी हाय." आणि खरंच कमी होतं, हे त्यातलं वाईट.

बायको जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली. मुलगी एकच. काम सुटल्यावरही शेडमागच्या एका खोलीत एकटेच राहायचे. मी विचारलं, त्या खटखटीत झोप कशी लागते? तर म्हणाले, "बंद पडली तर जाग येते."

त्या वर्षी शिमगा झाल्यावर एका सकाळी दात घासताना त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. डाव्या हाताने त्यांनी लेकीला फोन लावला. "बाय, घाबरू नको. उजवा लूम बंद पडलाय. डावा चालू हाय."

वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. पाय काठीवर चालायला लागला, हात मात्र पिशवीसारखा लोंबत राहिला. आवाजाला काही झालं नव्हतं. त्यांच्या वॉर्डातले बाकीचे पेशंट लवकर घरी जायची घाई करू लागले.

मेस्त्री परत आपल्या खोलीत गेले. वैशाली रोज दोन रिक्षा बदलून अंजूरहून भिवंडीला जाणार, बापाला आंघोळ, जेवण, गोळ्या, आणि संध्याकाळी परत. एक दिवस ती पोचायच्या आधी मेस्त्रींनी डाव्या हाताने दूध उतरवायला घेतलं आणि मांडीवर सांडून घेतलं. त्या दिवशी वैशालीने हट्ट धरला. मी तिथेच होतो.

"बाबा, आता अंजूरला चला."

"अन् पाणी?"

"मग मी इथं राहते तुमच्याकडं."

मेस्त्रींचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "लग्नाची बाई बापाच्या खोलीत र्‍हायली तर लोक काय बोलतील? पोर झालं न्हाय म्हणून सासरच्यांनी पाठवली, असं बोलतील."

वैशालीने जमिनीवरचं दूध पुसायला घेतलं. लोक तसंच बोलले असते.

मानकोली नाक्यावर, कंटेनरच्या रांगेसमोर, एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर व्यायामाचं केंद्र आहे. तिथल्या शलाका मॅडम पुण्याच्या. लकवा झालेल्या माणसांना व्यायाम शिकवतात. त्यांच्याकडे एक नवं यंत्र चाचणीला आलं होतं. समोर टीव्ही, टीव्हीच्या डोक्यावर कॅमेरा. तुम्ही समोर बसलात की कॅमेरा तुमचे सांधे ओळखतो, आणि टीव्हीवर तुमचा काड्यांचा माणूस उभा राहतो. सांध्याच्या जागी ठिपके, मध्ये काड्या. तुम्ही हात हलवला की काडी हलते. मग टीव्हीवर आंबे लटकतात, ते तोडून टोपलीत टाकायचे. हात किती वर गेला, किती थरथरला, सगळं यंत्र मोजतं आणि बाईच्या आवाजात बोलतं.

पहिल्या दिवशी मेस्त्रींनी आपला काड्यांचा माणूस बघितला आणि म्हणाले, "ह्याला कोणीतरी जेवायला घाला."

यंत्र म्हणालं, "कृपया उजवा हात वर उचला."

"कृपया कशाला बोलतंय? हात माझाच हाय ना?" मेस्त्री ओरडले. मग काठी टेकत उठले आणि टीव्हीला कान लावला.

"काका, ह्याला तेल नसतं," मॅडम म्हणाल्या. त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

"म्हणून तर," मेस्त्री म्हणाले.

पण मशीन ते मशीन. आठवड्याभरात मेस्त्रींचा त्याच्यावर जीव बसला. जायच्या आधी दाढी करायचे. यंत्र "छान" म्हणालं की मान लववून "मेहरबानी" म्हणायचे. हात मात्र छातीच्या वर जात नव्हता.

एकदा मोठीच गंमत झाली. मॅडमचा पांढरा कोट खुंटीला टांगलेला होता. पंख्याच्या वाऱ्याने त्याची बाही हलली, आणि टीव्हीवर मेस्त्रींच्या शेजारी दुसरा काड्यांचा माणूस उगवला. बाही हलली, काडी हलली, आंबा तुटला. यंत्र म्हणालं, "छान."

मेस्त्री लालबुंद झाले. "मी अर्धा तास मरतोय, अन् छान कोणाला? कोटाला?"

मॅडम मात्र खूश. वहीत लिहून घेतलं. "काका, ह्याच्या अशाच चुका मला शोधायच्या आहेत. चाचणी म्हणजे तेच."

मेस्त्री कोटाकडे बराच वेळ बघत राहिले. ते बघणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

वैशालीने मॅडमना सरळ विचारलं, बाबा एकटे राहू शकतील का? मॅडम म्हणाल्या, महिनाभर व्यायाम करू, मग पूर्ण परीक्षा घेऊ. आधी वीस आंबे. मग खरा पेला, दोन बोटं पाणी घातलेला, उजव्या हाताने उचलून तोंडाला लावायचा. तेवढं जमलं तर स्टोव्ह, दाराची कडी, गोळ्या, सगळं जमेल. नाही जमलं तर सोबत माणूस पाहिजे, त्यात तडजोड नाही.

मेस्त्रींनी डावा हात टीव्हीवर ठेवला. "डॉक्टर खोटं बोलल, लेक खोटं बोलल, मशीन खोटं बोलत न्हाय. ते जे बोलल ते मना मान्य. पास झालो तर माझी खोली. नापास झालो तर बाय, तुझं अंजूर."

महिना गेला. हात छातीपाशीच. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांचा मला फोन आला. मी मोबाईल कानापासून हातभर लांब धरला.

"व्याही, उद्या अर्धा तास तुमचा उजवा हात मना पाहिजे."

"कशाला?"

"त्या मशीनला हात दिसतो. कोणाचा हाय ते कळत न्हाय."

"तुमीच बोलता ना, मशीन खोटं बोलत न्हाय?"

"ते न्हाय बोलत. मी बोलणार."

मी हो म्हटलं. का म्हटलं तेही सांगतो. हा माणूस माझ्या घरात राहायला येणार आणि माझ्या घरात तहानेने वाळणार. मग गाव काय माझी आरती ओवाळणार होतं? अकरा वर्षं ती बाटली ओट्यावर उभी राहून सगळ्यांना सांगत होती की ह्या घरात पोर नाही. मला तर असंच वाटायचं, की तो माणूस माझ्या घराचा उणेपणा दर आठवड्याला उन्हात मांडून बसतो. राहू दे त्याला त्याच्या खटखटीत.

परीक्षेच्या दिवशी सूनबाईला बरोबर आणलं नाही. तिच्यासमोर मला खोटं वागता येत नाही.

मेस्त्री मी दिलेला महेशचा ढगळ सदरा घालून आले होते. मॅडम परीक्षेच्या वेळी प्लायवूडच्या भिंतीपलीकडे लॅपटॉप घेऊन बसणार, कारण यंत्र पेशंटला एकटं सांभाळतं की नाही हेच त्यांना बघायचं होतं. लॅपटॉपवर नुसता काड्यांचा माणूस दिसतो. पेशंट पडू नये म्हणून मागे घरचं एक माणूस बसायला परवानगी होती. ते घरचं माणूस मी.

मॅडम पलीकडे गेल्या. मेस्त्रींचा उजवा हात आम्ही पोटाशी घेऊन पंचाने बांधला. मी सदऱ्यामागून माझा हात आत घातला, त्यांच्या बगलेखालून बाहीत काढला. माझं तोंड त्यांच्या पाठीत. मला टीव्हीचा ट सुद्धा दिसत नव्हता. मेस्त्रींना कुजबुजता येत नाही, कुजबुजले असते तर खाली औषधाच्या दुकानात ऐकू गेलं असतं. म्हणून लूमवरच्या खुणा ठरवल्या. डाव्या हाताने माझ्या गुडघ्यावर एक थाप म्हणजे वर, दोन म्हणजे खाली, चिमटा म्हणजे उजवीकडे, दाबलं तर डावीकडे.

"कृपया उजवा हात वर उचला," यंत्र म्हणालं. मी उचलला. कोटापेक्षा चांगला उचलला.

पहिला आंबा आला. दुसऱ्याला माझ्या हातात त्यांचा कान आला. "पुन्हा प्रयत्न करा," यंत्र म्हणालं. तिसऱ्याला मी चिमट्यावर वर गेलो आणि थापेवर उजवीकडे, आणि त्यांचा चष्मा टोपलीत टाकायच्या बेतात होतो. गुडघ्यावर असा फटका बसला की तो कुठल्याच खुणेत बसत नव्हता. पण मग हात बसला. थाप, आंबा. चिमटा, आंबा. दोन थापा, टोपली. यंत्र म्हणायला लागलं, "छान. छान. उत्कृष्ट."

आता बघा, मी चौथी नापास माणूस. मास्तरांनी मला बरंच काही म्हटलं, पण उत्कृष्ट कोणी म्हटलं नव्हतं. मला चेव चढला. मेस्त्रींनी थाप मारायच्या आधीच मी हात उडवायला लागलो. विसातले अठरा आंबे. चौथीत एवढे मिळाले असते तर मी तलाठी झालो असतो.

"आता पेला उचला आणि तोंडाला लावा."

टेबलावर पेला होता. मी चाचपडत धरला. दोन बोटं पाणी, पण एक थेंब हलू दिला नाही. सावकाश वर नेला. हनुवटी लागली. अजून वर. ओठ लागले.

ओठ मिटलेले होते.

मी थोडं पुढे ढकललं. मेस्त्रींनी तोंड डावीकडे फिरवलं. मी पेला डावीकडे नेला. त्यांनी उजवीकडे फिरवलं. "प्या की," मी त्यांच्या पाठीत म्हणालो. उत्तर म्हणून माझ्या गुडघ्याला असा चिमटा बसला की डोळ्यांत पाणी आलं. "कृपया पेला तोंडाला लावा," यंत्र म्हणालं. मी परत लावला, ते परत वळले. पाणी त्यांच्या गळ्यावरून उतरून बाहीत शिरलं आणि माझ्या काखेपर्यंत आलं.

पलीकडे लॅपटॉपवर मॅडमना काय दिसत होतं, ते त्यांनी मागून सांगितलं. काड्यांचा माणूस बसलाय, त्याचा हात त्याच्याच तोंडावर चालून जातोय, आणि डोकं जीव वाचवायला पळतंय. त्यांना वाटलं मेस्त्रींना झटका आला. त्या धावत आल्या.

दारात थांबल्या. आधी आमची डोकी मोजली, दोन. मग हात मोजायला घेतले. पंचातला हात सापडायला वेळ लागला.

"तरीच," मॅडम म्हणाल्या. "मघापासून ते उजवा हात डाव्यापेक्षा वीतभर लांब दाखवतंय. मला वाटलं माझंच गणित चुकलं. त्या लांब हातासाठी मी प्रोग्रॅम बदलायला घेतला होता."

मग त्या हसायला लागल्या ते खुर्ची धरून खालीच बसल्या. मेस्त्री ओले, मी त्यांच्या सदऱ्यात अडकलेलो. माझा हात निघेना, बाहीला भिजून चिकटला होता. शेवटी मॅडमनीच सोडवला.

हसून झाल्यावर डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, हे यंत्र अजून शिकतंय. तुम्ही ह्याला खोटा हात शिकवलात, तर उद्या दुसऱ्या कुणाचा लुळा हात बघून ते त्याला चांगला म्हणेल. तो माणूस ते खरं मानून घरी जाईल."

मेस्त्री डाव्या हाताने पंचाची गाठ सोडू लागले.  चाळीस वर्षं दुसऱ्यांना हेच सांगत आलेला माणूस तो, बिघडलेला लूम झाकून कापड पुढे ढकललंत तर शेडमध्ये पाय ठेवू नका म्हणून.

"परत घ्या," ते म्हणाले. "खरी घ्या."

त्यांनी मला भिंतीपलीकडे पाठवलं. मी मॅडमच्या शेजारी लॅपटॉपसमोर बसलो. काड्यांचा माणूस आला. एकटा. उजवी काडी उठली, थरथरली, छातीपाशी आली आणि तिथे अडकली. वर आंबा होता. काडी बराच वेळ आंब्याखाली उभी राहिली. काड्यांच्या माणसाला तोंड नसतं, पण त्याची मान कशी ताणलेली होती ते दिसत होतं. तीन आंबे मिळाले. मग पेला. ठिपका छातीपर्यंत आला, वाकडा झाला, आणि प्लायवूडच्या पलीकडे पेला जमिनीवर गडगडल्याचा आवाज आला.

"छान प्रयत्न," यंत्र म्हणालं.

"हे पहिल्यांदा खोटं बोललं," मेस्त्रींचा आवाज आला.

निकाल सांगायची गरज नव्हती. मॅडमनी तरी सांगितला. अजून काही महिने सोबत पाहिजे, एकटं राहायचं नाही. व्यायाम चालू ठेवला तर हात येईल, त्या म्हणाल्या, उगाच म्हणत नाही.

खाली नाक्यावरच्या टपरीत आम्ही बसलो. मेस्त्रींनी स्वतः दोन चहा सांगितले आणि डाव्या हाताने एक माझ्यापुढे सरकवला. समोरून कंटेनर जात होते. माझ्या काखेत अजून गार लागत होतं, आणि डोक्यात आग.

"एक सांगा," मी म्हणालो. "ते पाणी माझ्या घरचं नव्हतं. केंद्रातलं होतं. दोन घोट घेतले असते तर आता तुमच्या खोलीत असता. का न्हाय घेतले?"

"पेला तुमच्या हातात होता."

"म्हंजे माझ्या हाताला विष हाय? अकरा वर्षं ऐकतोय मी. कोणाची रीत, कुठली रीत? तुमच्या भावाने न्हाय पाळली, माझ्या मेव्हण्याने न्हाय पाळली. तुमी एकटेच देवाचे लाडके? दर आयतवारी बाटली मांडून बसता, माझी अब्रू काढता."

मेस्त्रींनी चहाचा घोट घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. आणि बोलले ते इतक्या हळू, की कंटेनर जाईपर्यंत मला ओणवं व्हावं लागलं.

"रीत मना पण ठावं हाय कोण पाळत न्हाय. पहिली दोन वर्षं पाळली, बस झालं, असं मी पण ठरवलं होतं. त्या आयतवारी बाटली न्हाय आणली. बाय बाहेर आली, ओट्यावर बघितलं, बोलली, बाबा, बाटली? अन् तिचा चेहरा मी बघितला, व्याही."

त्यांनी कप खाली ठेवला.

"डॉक्टरांनी पोराची आशा सोडली. जावई त्यावर बोलत न्हाय. तुमी भले माणूस, नातवाचं नाव कधी काढत न्हाय तिच्यासमोर. सगळ्यांनी तिला सांभाळायला म्हणून तो विषयच सोडून दिला. मी पाणी प्यालो तर तिला कळंल, बापानी पण आशा सोडली. मी उठलो, बोललो रिक्षात विसरलो, अन् नाक्यावर जाऊन बाटली आणली. तेव्हापासून ती विचारते, बाबा, अजून पाळताय? मी बोलतो, अजून म्हंजे? थोडे दिवस र्‍हायले. मग ती हसते. आठवड्यातून एकदा."

मी चहा तसाच ठेवला होता, त्यावर साय धरली.

"आता शब्द दिलाय मशीनला," मेस्त्री म्हणाले. "उद्या येतो अंजूरला. बाटल्यांचं, जेवणाच्या डब्याचं बघू काहीतरी. एका हाताने किती उचलणार, ते बघू."

 मी त्यांना रिक्षात बसवलं, काठी आत दिली. रिक्षा सुरू झाली तसे त्यांनी सवयीने कान कलता केला, पण काही बोलले नाहीत.

घरी आलो तर वैशाली पुढची खोली झाडत होती. बापासाठी खाट खिडकीशी ओढली होती. म्हणाली, "आबा, हात कितीपर्यंत गेला?" मी छातीपाशी हात धरून दाखवला. तिने बघितलं आणि परत झाडायला लागली. मग मान वर न करता विचारलं, "पाण्याचं काय म्हणाले?"

"आणणार बोलले. त्यांचं त्यांचं," मी म्हणालो.

तिचा झाडू क्षणभर थांबला. मग ती हसली. आयतवार नव्हता तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला उठलो. माडीवरचे वीस लिटरचे दोन कॅन उतरवले, चिंच लावून आतून घासले, आणि रिक्षा करून भिवंडीला गेलो. मेस्त्री अजून झोपलेले होते, शेड चालू होती. त्यांच्या खोलीबाहेरच्या नळावर बायांची रांग होती, मी शेवटी उभा राहिलो आणि विचारणारीला अंजूरचा म्हणून सांगितलं. माझा नंबर आला तेव्हा मागच्या बाईने माझ्या धोतराकडे आणि कॅनकडे बघितलं आणि विचारलं, "चाचा, अंजूर में पानी नहीं आता क्या?"

"आता है, बहुत आता है," मी म्हणालो, आणि पहिला कॅन भरला तसा दुसरा नळाखाली धरला.